डाग पुसावा, तडा झाकू नये

वैतरणा जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तर तीरावर दातिवरे वसले आहे. समोर दक्षिणेस अर्नाळ्याचा जलदुर्ग पाण्यात उभा दिसतो. डोळ्यांना जवळ असलेला तो किनारा गाडीला मात्र फार दूर आहे. अर्नाळ्याच्या शेजारी असलेल्या आगाशी तीर्थास मोटारीने जायचे, तर खाडीला मोठा वळसा घालून महामार्ग गाठावा लागतो आणि विरारच्या बाजूने पुन्हा समुद्राकडे वळावे लागते. सफाळे, पालघर, बोईसर येथील पेढ्यांवर रोज जाणे-येणे, मुंबईच्या बाजारातील खरेदी, सुरत-वापीकडील लग्नकार्ये या साऱ्यांचा भार अखेर चार चाकांवरच असतो.

या चाकांकडे घरात सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गाडी रोज पुसली जाते, काचा चकचकीत असतात, आसनांवर धुतलेली अभ्रे असतात. चाके मात्र धुळीची म्हणून सोडून दिली जातात. मग एखाद्या सणाच्या आधी कोणाला तरी ती खवल्यासारखी सोललेली, पांढऱ्या बुरशीसारख्या डागांनी भरलेली, कडेने खरवडलेली दिसतात. नवा संच महाग असतो. तेव्हा घरच्या घरी ती पूर्ववत करता येतील काय, हा प्रश्न सहज पुढे येतो. पुष्कळ अंशी ती करता येतात. मात्र त्यातील कोणते काम घरचे आणि कोणते नाही, ही मर्यादा हातात पॉलिश पेपर घेण्याआधीच ठरवून घ्यावी लागते.

खारा वारा काय करतो

किनाऱ्यावरील वाऱ्यात समुद्राच्या पाण्याचे सूक्ष्म तुषार असतात. ते वाळले की मिठाचे बारीक कण मागे राहतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. दुकानातील मिठाची गोणी पावसाळ्यात ओली का होते, हे कोणत्याही किराणा व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तोच प्रकार चाकावर घडतो. पावसाचा थेंबही न पडता उभ्या गाडीच्या चाकावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि रात्रभर आपले काम करीत राहतो.

साधे चाक पोलादी पत्र्याचे असते. गॅरेजमध्ये त्याला डिस्क म्हणतात. त्यावरील रंगाला खडा लागून टवका उडाला की तिथे गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आजूबाजूचा चांगला रंगही तो उचलून टाकतो. दुसरा प्रकार अलॉय चाकांचा. बाजारात त्यांना मॅगव्हील म्हणण्याची रीत आहे. नाव मॅग्नेशियमवरून पडले असले, तरी आजची ही चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव चाके असतात. ॲल्युमिनियम हवेत आल्याबरोबर स्वतःवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा चढवून घेते आणि त्यामुळे सुरक्षित राहते. मिठातील क्लोराइड नेमका हाच पापुद्रा भेदते. वरच्या पारदर्शक लॅकरला कुठे चीर पडली असेल, तर क्षरण त्या चिरेतून आत शिरते आणि लॅकरच्या खालून दोऱ्यासारख्या वाकड्यातिकड्या रेषा काढीत पुढे सरकते. वरून नुसते पुसून या रेषा जात नाहीत, कारण त्या वर नसतातच.

यात ब्रेकच्या काळ्या धुळीची भर पडते. तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. ते तापलेले असताना लॅकरवर चिकटतात आणि पुढे गंजून तपकिरी ठिपके पाडतात. म्हणूनच किनाऱ्यावरील गाडीची चाके आठवड्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने, आतल्या बाजूसह, धुणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. वाळूत किंवा भरतीच्या ओल्या पट्ट्यात गाडी नेली असेल, तर हे धुणे त्याच दिवशी व्हावे.

आधी परीक्षा

व्यापारी माल पारखल्याशिवाय त्यावर पैसा घालीत नाही. चाकावर श्रम घालण्यापूर्वीही तीच शिस्त असावी. चाक उतरवून साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावे, वाळवावे आणि दिवसाच्या उजेडात, हाती बॅटरी घेऊन, पुढून आणि मागून पाहावे. मागची बाजू कधीच दिसत नाही, म्हणून तिकडे अधिक वेळ द्यावा. आऱ्या जिथे मध्याला मिळतात ती जागा, नटांच्या छिद्रांच्या भोवतालचा भाग आणि आतील कड या तीन ठिकाणी तडे जाण्याचा संभव जास्त असतो.

दिसणाऱ्या दोषांचे दोन गट पडतात. सोललेले लॅकर, पांढरे डाग, वरवरचा गंज, पदपथाला घासून कडेला पडलेले उथळ ओरखडे हे पहिल्या गटात येतात. हे डाग होत आणि ते घरी पुसता येतात. तडा, वाकलेली कड, तुटलेला टवका, बोटाला खड्डे लागतील इतका खोल गंज, लांबट झालेली नटांची छिद्रे हे दुसऱ्या गटात येतात. यांना घरी हात लावू नये.

वाकलेली कड हातोड्याने ठोकून किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करून देणारे रस्त्याच्या कडेला भेटतात. ते का टाळावे, याचे कारण धातूच्या घडणीत आहे. पुष्कळ अलॉय चाकांच्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर ते चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करतात आणि नंतर सुमारे १५० ते १६० अंशांवर काही तास ठेवतात. चाकाची ताकद या मोजून दिलेल्या उष्णतेतून येते. उघड्या ज्योतीने एकाच जागी, बिनमापाने दिलेली उष्णता ती ताकद तिथल्या तिथे काढून घेते. चाक डोळ्यांना गोल दिसते आणि आतून दुबळे झालेले असते.

तडा आहे की नुसता ओरखडा, असा संशय राहिला, तर डाय पेनिट्रंट नावाची एक साधी तपासणी आहे. लाल रंगाचा पातळ द्रव लावून तो चिरेत मुरू देतात, वरचा पुसून टाकतात आणि पांढरी भुकटी फवारतात. चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेषेच्या रूपाने उमटतो. वेल्डिंगचे सांधे तपासण्यासाठी फॅब्रिकेशनच्या कामात ही रीत नेहमीची आहे, त्यामुळे बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक परिसरात ती जाणणारा कारागीर मिळणे कठीण नाही.

आणखी एक खूण घरातच मिळते. टायरची हवा महिन्याला एक-दोन पौंड उतरणे स्वाभाविक आहे. एकाच चाकाची हवा दर आठवड्याला उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायर जिथे चाकाच्या कडेला बसतो तिथे क्षरणाचे खवले साचले असण्याची शक्यता असते. त्या फटीवर साबणाचे पाणी टाकले की बुडबुडे दिसतात. ही जागा साफ करण्यासाठी टायर काढावा लागतो आणि ते काम टायरच्या दुकानातील यंत्राचे आहे. सोनारानेच कान टोचावेत, हे इथे मान्य करावे. कमी हवेचा टायर चालताना अधिक दबतो, त्यामुळे अधिक तापतो. मनोरपासून पुढे महामार्गावर भर उन्हात, भरल्या गाडीने, वेगात जाताना तो फुटला तर काय होईल, याचा विचार घरात बसूनच केलेला बरा.

वेळ आणि जागा

चातुर्मासात हे काम काढू नये. हवा दमट असली की रंगाखाली ओल अडकते, लॅकरवर दुधासारखी पांढरी झाक येते आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. त्यातही दव सुकल्यावर, सकाळी दहाच्या पुढे रंगास सुरुवात करावी आणि संध्याकाळचा खारा वारा सुटण्यापूर्वी थांबावे. उघड्या अंगणापेक्षा तीन बाजूंनी आडोसा आणि चौथ्या बाजूने मोकळी हवा असलेली पडवी अधिक सोयीची.

एका वेळी एकच चाक काढावे. त्याच्या जागी स्टेपनी बसवून जॅक उतरवून घ्यावा, म्हणजे गाडी दोन दिवस जॅकच्या भरवशावर उभी राहत नाही. जॅकवरील गाडीच्या खाली कोणीही जाऊ नये, मुलांना तर जवळही येऊ देऊ नये. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करावेत. हँडब्रेक ओढलेला असावा आणि विरुद्ध बाजूच्या चाकाला वीट लावलेली असावी. चार चाकांना चार रविवार लागतील. घाईने एकाच दिवशी चारही उरकण्यापेक्षा हे बरे.

धुणे आणि घासणे

पहिले धुणे साबणाचे, दुसरे ब्रेकच्या धुळीसाठी. त्याकरिता मिळणारे काही द्रव लोखंडाच्या कणांना लागताच जांभळे होतात, म्हणजे ते काम करू लागले असे समजावे. घरात न्हाणीघराच्या फरशीसाठी ठेवलेले ॲसिड चाकावर कदापि ओतू नये. तोच नियम कॉस्टिक सोड्याचा. ॲल्युमिनियम आम्लातही खाल्ले जाते आणि तीव्र क्षारातही. पितळी भांडी उजळणारी चिंचही या धातूच्या कामाची नाही.

घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश फक्त पोलादी डिस्कवर चालवावा. तो अलॉयवर चालवला, तर लोखंडाचे सूक्ष्म कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच नवे क्षरण सुरू होते. पोलादावर वापरलेला पॉलिश पेपरही अलॉयला लावू नये. सुटलेले लॅकर आणि खवले १२० नंबरच्या कागदाने काढावेत. मग २४०, त्यानंतर ४०० आणि शेवटी ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून फिरवावा. ओल्या कागदाने धूळ उडत नाही. ब्रेकची जुनी धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ती पाण्यानेच काढावी, कारण ती श्वासात जाणे हानिकारक आहे.

डाग जिथे संपला असे वाटते, त्याच्या पुढे एक-दोन बोटे चांगल्या रंगावरही कागद फिरवावा. दोऱ्यासारखे क्षरण लॅकरखाली दिसते त्याहून पुढे गेलेले असते आणि नेमके तेवढेच टोक राहिले, तर पुढच्या पावसाळ्यात तेथूनच ते परत निघते. उथळ ओरखड्यात धातूसाठीची पुट्टी पातळ भरावी, पूर्ण वाळू द्यावी आणि कडेच्या गोलाईशी एकरूप होईपर्यंत घासावी. पुट्टीने दिसण्यातील खड्डा भरतो, ताकद भरून निघत नाही, हे विसरू नये.

नव्या गाड्यांवर येणाऱ्या, ज्यांच्या पृष्ठभागावर लेथच्या बारीक वर्तुळाकार रेषा चमकतात, त्या डायमंड कट चाकांना हा उपाय लागू पडत नाही. हाताच्या घासण्याने त्या रेषा कायमच्या जातात. ती पुन्हा लेथवरच उतरवावी लागतात आणि दर वेळी थोडा धातू कमी होत असल्याने हे काम फार वेळा करता येत नाही. ज्यांना एकाच सपाट रंगाची चाके चालतील, त्यांनीच ती घरी रंगवावीत.

रंग

घासून झाल्यावर चाक धुऊन पूर्ण वाळवावे. थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावे आणि त्यानंतर त्यावर बोटही लावू नये. बोटाचा तेलकटपणा आणि घामातील मीठ रंगाला धरू देत नाहीत. टायर झाकण्यासाठी दुकानाची जुनी व्हिजिटिंग कार्डे फार उपयोगी पडतात. टायर आणि रिमच्या फटीत ती एकमेकांवर चढवीत गोल खोचावीत. हवेचा व्हॉल्व्ह मास्किंग टेपने गुंडाळावा.

नट जिथे टेकतात ती छिद्रे आणि चाकाची मागची सपाट बाजू, जी हबला चिकटते, तिथे रंग जाता कामा नये. तिथल्या रंगाचा थर पुढे दबतो, झिजतो आणि घट्ट केलेले नट त्यामुळे सैल पडू शकतात. दिसायला ही बाब किरकोळ आहे, पण घरी रंगवलेल्या चाकातील सर्वांत धोकादायक चूक हीच.

पोलादी डिस्कला रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा प्रायमर लावावा. अलॉयला मात्र ॲल्युमिनियमला धरणारा एच प्रायमर हवा. लोखंडाचा प्रायमर त्यावर टिकत नाही. प्रायमरचे दोन, रंगाचे तीन आणि लॅकरचे दोन-तीन थर द्यावेत. प्रत्येक थर इतका पातळ असावा की पहिल्या हातात खालचा रंग दिसत राहावा. जाड थर ओघळतो. दोन थरांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. पी हळद आणि हो गोरी, असे इथे चालत नाही. स्प्रेचा वास साध्या कापडी मुखपट्टीने अडत नाही, त्यासाठी कार्बनच्या डबीचा मास्क घ्यावा. शेजारी शेगडी, दिवा किंवा उदबत्ती पेटती नसावी. दोन भाग मिसळून वापरायचे पक्के लॅकर अधिक टिकाऊ असते, पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक आहे. ते काम रंगाच्या कारखान्यावर सोपवावे.

उरलेला थिनर गटारात किंवा खाडीकडे जाणाऱ्या ओहोळात ओतू नये. घासलेल्या पाण्यातील गाळ बादलीत बसू द्यावा आणि वाळवून कचऱ्यात द्यावा. त्याच खाडीच्या मासळीवर आणि पाण्यावर गावातील कित्येक घरे जगतात.

परत बसवताना

रंगानंतर किमान एक पूर्ण दिवस चाक तसेच ठेवावे आणि पहिला आठवडाभर त्यावर साबण किंवा दाबाचे पाणी मारू नये. बसवण्यापूर्वी हबवरील गंजाचे खवले काढून तो पुसून घ्यावा. नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने, ताऱ्याची आकृती काढावी तसे, थोडे थोडे आवळावेत. किती आवळायचे, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. पान्ह्यावर उभे राहून आवळण्याची सवय अनेकांना असते, तिने बोल्ट ताणला जातो. टॉर्क पान्हा घरी नसेल, तर टायरच्या दुकानात जाऊन एकदा तपासून घ्यावे आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. त्याच खेपेत चाकांचे बॅलन्सिंगही करून घ्यावे. अलॉयच्या कडेवर लोखंडी क्लिपची वजने ठोकू न देता आतून चिकटवण्याची वजने लावण्यास सांगावे, नाहीतर क्लिपखालूनच नवा डाग सुरू होतो.

गाडी विकायची असेल तेव्हा

चाके उजळण्याचा विचार घरात पुष्कळदा एका विशेष प्रसंगी येतो, तो म्हणजे जुनी गाडी विकायची ठरते तेव्हा. पाडव्याला नवी गाडी यायची असते आणि जुनीला चार पैसे अधिक यावेत, ही इच्छा रास्त असते. चाके रंगवायला घेतली जातात, एक चाक उलटे केले जाते आणि आऱ्याच्या मुळाशी केसासारखी एक रेषा दिसते. हातात पुट्टी आणि रंग तयारच असतात. पाऊण तासाच्या कामात ती रेषा अशी नाहीशी करता येते, की कोणत्याही मेकॅनिकला सापडणार नाही. ती पाहिलेली माणसे घरातलीच एक-दोन असतात.

येथे हिशेब वेगळ्या रीतीने मांडला पाहिजे. एका चाकाची किंमत ही विक्रीतून वजा होणारी ठरावीक रक्कम आहे. चाकाच्या आतील बाजूस मापे कोरलेली असतात. उदाहरणार्थ, १५ × ६ जे याचा अर्थ व्यास १५ इंच आणि रुंदी ६ इंच. सोबत ईटी म्हणून मिलिमीटरमध्ये आणखी एक आकडा असतो. तो चाक हबपासून किती आत-बाहेर बसेल हे सांगतो. ही मापे, नटांची संख्या व अंतर आणि भार पेलण्याची क्षमता जुळणारे दुसरे चाक घेतले की प्रश्न मिटतो. उलट तडा झाकून गाडी दिली, तर विकणाऱ्याच्या खात्यात एक अशी रक्कम मांडली जाते, की जिचा आकडा त्याला कधीच कळत नाही. लहान गावात जुनी गाडी घेणारा बहुधा परका नसतो. तो दुकानाचा ग्राहक असतो, पेढीवरचा नोकर असतो, नाहीतर शेजारच्या गावचा नुकता लग्न झालेला मुलगा असतो. आपली माणसे घेऊन तो त्याच महामार्गावर जाणार असतो.

तडा गेलेले चाक बाजूला काढल्यावर ते भंगारात देतानाही तसेच देऊ नये. करवतीने कापून किंवा ठळक अक्षरांत ‘निकामी’ लिहून द्यावे. नाहीतर कोणी तरी त्यावर रंग देऊन ते पुन्हा बाजारात आणतो. भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमला वजनावर भाव मिळतोच, आणि हा धातू वितळवून पुन्हा वापरता येतो.

राहिलेली तीन चाके आणि एक बदललेले चाक घेऊन ती गाडी विकावी. चाके घरी रंगवली आहेत, एक बदलले आहे आणि ते का बदलले, हे घेणाऱ्याला तोंडाने सांगावे. जुने चाक अजून परसात असेल, तर ती रेषा त्याला दाखवावी. भाव कदाचित थोडा कमी येईल. पण घेणारा पुढच्या महिन्यात किराण्याच्या यादीसह दुकानाच्या पायरीवर येईल, तेव्हा विकणाऱ्याला त्याच्याकडे न बघता गल्ला मोजत बसावे लागणार नाही.